खूण जुळली नाही तरी

छत्रपती संभाजीनगर
११ जून २०२४

अजिनाथा,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस. मग मी सृष्टीच्या मोबाइलवरून केला, तर भाचीलाही ब्लॉक केलंस. आता पोस्टमनला कसं ब्लॉक करतोस ते बघते. पत्र फाडायचं असंल तर वाचून फाड. सातवी पास बाईनं एवढं लिहायचं म्हणजे हात भरून येतो.

मेंढरं घेऊन तू गावात परत आलास हे मला गंगापूरच्या जीपवाल्याकडून कळलं. म्हणाला, तुमचा भाऊ वाळलाय. तो चेष्टेनं म्हणाला का खरं, ते तुझ्या बायकोला, भामाबाईला विचारीन.

आता माझं सांगते. माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. घाबरू नको, मी घाबरून झाले, आता कुणी घाबरायची गरज नाही. गेल्या पावसाळ्यापासून पाय सुजायचे. मला वाटायचं, दिवसभर शिलाई मशीनवर बसते, ब्लाऊज शिवून शिवून सुजत असतील. मग जेवण नकोसं झालं. तुझ्या आक्काला जेवण नको वाटलं म्हणजे मामला मोठा आहे हे घरात सगळ्यांनी लगेच ओळखलं. आता आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घेते. डायलिसिस म्हणतात. एसी आहे, टीव्ही आहे, चार तास कुणी भाकरी मागत नाही. असा आराम मला माहेरीसुद्धा मिळाला नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडनी बदलली तर बरं, घरातलं कुणी देईल का? तुझ्या दाजींनी लगेच हात वर केला. शाळेत बाई विचारायच्या, खडू आणायला कोण जाईल, तेव्हा पोरं करायची ना, तसा. रक्तगट जुळला. हे गुलमंडीतल्या दुकानात पेढे वाटून आले. दिवसभर गिऱ्हाइकांना ब्लाऊजपीस मॅचिंग करून देतात, म्हणाले, बघ, घरचं मॅचिंग पण झालं.

पेढे जरा लवकर वाटले. पुढची एक तपासणी राहिली होती. माझं रक्त आणि ह्यांच्या पेशी एका नळीत घालून बघतात. माझ्या रक्तानं ह्यांच्या पेशी मारून टाकल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळंतपणं किती झाली तुमची?"

म्हटलं, सृष्टी, शिवम, आणि मधलं एक राहिलं नाही.

त्या म्हणाल्या, "बाळ पोटात असताना त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. बाळावर निम्मी छाप बापाची असते. काही जणींचं अंग ती छाप परकी म्हणून लक्षात ठेवतं. पुन्हा कधी दिसली की तुटून पडतं. तुमच्या मिस्टरांची किडनी बसवली तर तुमचं अंग तिला लगेच नाकारेल."

हे म्हणाले, "म्हणजे पंचवीस वर्षं ही माझ्यावर डूख धरून आहे?"

"त्या नाही हो, त्यांचं रक्त."

"तेच ते," हे म्हणाले.

मला एवढं हसू आलं की नर्स पळत आली. पण घरी येताना रिक्षात हे नुसते बाहेर बघत होते. पदमपुरा आल्यावर म्हणाले, "राजा, आयुष्यात एकदा तुला काही भारी द्यायला निघालो, आणि तुझ्या अंगानं ते दारातूनच परत केलं." मग मला हसता येईना.

हे सगळं तुला मागायला लिहीत नाही. सांगायला लिहिते. रक्ताचं माणूस आहेस, कळलेलं बरं.

तुझी आक्का
राजाबाई

छत्रपती संभाजीनगर
२ जुलै २०२४

अजिनाथा,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे घरात घेतलंस. एवढ्यावर मी खूश आहे.

इकडं नवीन भानगड झाली. सृष्टी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, आई, मी देते. मी आधी नाही म्हटलं, मग रडले, मग परत नाही म्हटलं. पण पोरगी बापावर गेलीय, गुपचूप डॉक्टरीणबाईंना विचारून आली. त्यांनी तिलाही नको म्हटलं. तिच्या अंगावर निम्मी खूण बापाची. माझं रक्त ज्या खुणेवर धावून जातं ती तिच्यातही आहे. शिवमचं तेच. नवऱ्याला नकार दिला तो पोरांपर्यंत गेला बघ.

सृष्टीनं मला ही खूण कशी असते ते समजावलं. आधी पुस्तकातलं बोलत होती, मला काही कळेना. मग म्हणाली, "आई, मामा मेंढरांच्या कानाला खूण करतो ना? आपली कुठली, दुसऱ्याची कुठली, लगेच कळतं. तसंच. अंगातल्या प्रत्येक पेशीवर खूण असते. प्रत्येक माणसाकडं दोन. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आजोबांकडं दोन होत्या, त्यातली एक तुला मिळाली, एक मामाला. कुणाला कुठली, ते नशीब. आजीचंही तसंच."

मी म्हटलं, "मग माझी आणि मामाची खूण एकच का?"

"चारात एकदा दोन्ही जुळतात. चारात दोनदा एक जुळते. चारात एकदा एकही जुळत नाही."

"आणि नाही जुळली की?"

"अंग म्हणतं, हे मेंढरू आपलं नाही. हाकलून लावा."

हे मी सहज लिहिलं. तुला मेंढरांचं कळतं म्हणून.

आणि दुसरं असं, की तुझा रक्तगट काय आहे? हेही सहजच विचारते. गावातल्या शिबिरात तू एकदा रक्त दिलं होतंस, तेव्हा ओ म्हणाला होतास असं मला आठवतं. माझाही ओ आहे. योगायोग बघ.

आईच्या वेळचं तू मनात धरून बसलास, त्यावर मी काही लिहीत नाही. आई माझ्याकडं दवाखान्यासाठी आली आणि माझ्याकडंच गेली. तू मेंढरं घेऊन लांब, फोन लागेना, वैशाखाचं ऊन. दाजींनी अग्नी दिला. दहाव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "पोरगा जिता असताना माझ्या आईला जावयानं अग्नी दिला, आजपासून मला बहीण नाय." त्याला सात वर्षं झाली. बघ, लिहीत नाही म्हणता म्हणता लिहिलं.

मी काही मागत नाही, हे परत सांगते. दवाखान्यात माझं नाव मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी नोंदवलंय. नंबर येईल तेव्हा येईल. तोवर एसी आहेच.

आक्का

छत्रपती संभाजीनगर
२४ जुलै २०२४

अरे गाढवा,

दुसरं काय म्हणू तुला? काल मी मशीनवर पडलेली, तर दवाखान्यातल्या कोऑर्डिनेटर मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "राजाबाई, तुमच्या भावाचे रिपोर्ट आले."

मी म्हटलं, "माझा भाऊ मला बोलत नाही. दुसऱ्या कुणाचा असेल."

"अजिनाथ ना? उंच, डोक्याला लाल पटका? तीनदा येऊन गेले. रक्त दिलं, सोनोग्राफी केली, मनाच्या डॉक्टरांशीही बोलले. प्रत्येक वेळी विचारायचे, राजाबाई आज वर आहे का? आहे म्हटलं की जिन्याकडं बघायचे आणि निघून जायचे."

अजिनाथा, मी वर मशीनला बांधलेली आणि तू खाली बाकावर. वर येऊन नुसतं दारातून तोंड दाखवलं असतंस तर तुझं काय झिजलं असतं? शेजारच्या बेडवरची बाई घाबरली, कारण मी एकदम मोठ्यानं रडायला लागले आणि मशीन पीपी करायला लागलं. बीपी वाढलं म्हणून मला सगळे रागावले. तुझ्यामुळं.

मग डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समजावला. त्यांनी तुलाही फोनवर सांगितलंय म्हणे, पण मला खात्री आहे तू नुसतं व्हय व्हय केलं असशील. म्हणून मी लिहिते.

रक्तगट जुळला. तुझ्या किडन्या दोन्ही झकास आहेत. पण खूण एकसुद्धा जुळत नाही. ते चारात एकदा जे होतं ते आपलं झालं. बाच्या दोन खुणांतली एक मला गेली, दुसरी तुला. आईच्या दोनातली एक मला, दुसरी तुला. एकाच पोटातून आलो पण ह्या बाबतीत वाटेवरच्या दोन माणसांसारखे आहोत.

मी म्हटलं, "असं कसं? नाक एक, बोलणं एक, हट्ट एक. लहानपणी लोक आम्हाला लांबून ओळखायचे."

त्या म्हणाल्या, "नाकाचे गुण वेगळीकडून येतात, ही खूण वेगळी."

मी पिशवी उचलली. म्हटलं, जाऊ द्या, त्याला घरी जाऊ द्या. तर त्या म्हणाल्या, "बसा, पुरतं ऐकून घ्या. खूण जुळली असती तर सोन्याहून पिवळं. पण नाही जुळली म्हणून दार बंद होत नाही. आता औषधं चांगली आहेत. मला जे बघायचं होतं ते वेगळं. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत तुमच्या रक्तात आधीपासून राग भरलेला होता. भावाचं तसं काही नाही. तुमचं रक्त आणि त्यांच्या पेशी एकत्र घालून बघितल्या. शांत राहिल्या. तुमच्यात आणि भावात जुळणारं काही नाही, राजाबाई, पण वैरही काही नाही."

मी त्यांना म्हटलं, बाई, हे तुम्ही कागदावर लिहून त्याला पाठवा. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

अंग नाकारायचा धोका जुळलेल्या भावापेक्षा जास्त आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुलाही सांगितलं असेल. ऐकलंस ना नीट? किडनी तुझी जाईल आणि माझ्यात टिकणार नाही असंही होऊ शकतं. मग तू आणखी सात वर्षं बोलणार नाहीस. म्हणून नीट विचार कर. भामाबाईला विचार. तिला न विचारता आला असशील तर मीच तुला नाकारीन, औषधसुद्धा लागणार नाही.

आक्का

छत्रपती संभाजीनगर
१५ सप्टेंबर २०२४

अजिनाथा,

मागच्या महिन्यात भामाबाई येऊन गेली हे तुला ठाऊक आहेच. पण इथं काय बोलली ते तिनं तुला सांगितलं नसणार.

एसटीनं एकटी आली. पदराखाली बाजरीच्या भाकरी, ठेचा, वाळवलेली चवळी. मला त्यातलं निम्मं चालत नाही, हे तिला सांगवेना. दाजींनी सगळा ठेचा खाल्ला आणि दोन दिवस पस्तावले. जेवण झाल्यावर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "आक्का, मला खरं सांगा. त्यो मरनार तर नाय ना?"

मी म्हटलं, "भामा, तू नाही म्हण. मी तुला शब्दानं काही म्हणणार नाही. सणावाराला पहिल्यासारखी साडी घेऊन येईन."

ती म्हणाली, "तुम्ही सात वर्सं कुटं आलाव साडी घेऊन?"

बरोबर बोलली. मग मी तिला दवाखान्यात नेलं. मॅडमनी तिला एकटीला आत बसवलं, मी बाहेर. लई वेळ लावला. ती बाहेर आली तेव्हा पदर खोचलेला. म्हणाली, "माझं सगळं विचारून झालं. एका किडनीवर मानूस जगतो, कामबी करतो, पन दोन-तीन महिने जड उचलायचं नाय. मेंढरामागं माझा भाऊ जाईल, मी सांगितलंय त्याला. मला इचारलं, तुमच्यावर जोर हाय का कुणाचा? मी म्हनलं, जोर कुणाचा नाय, मनात भ्या हाय. माझा भाऊ असता तर मी दिली असती का नाय? दिली असती. मग ह्यांना कोणत्या तोंडानं अडवू?"

जाताना दारात म्हणाली, "त्ये तुमचं नाव घेत नाहीत, आक्का. पन तुमची पत्रं फाडलीबी नाहीत."

आणि परवाची ती कमिटी, किडनी द्यायला परवानगी देणारी. तू होतासच तिथं, पण तुझं तोंड तुला दिसत नव्हतं, म्हणून लिहिते. टेबलाच्या त्या बाजूला चार मोठी माणसं, कॅमेरा चालू, ह्या बाजूला तू, मी, दाजी आणि भामा. तू माझ्या शेजारी बसायचं सोडून दाजींच्या पलीकडं जाऊन बसलास. आणि दाजींशीही बोलला नाहीस. चष्मेवाल्या साहेबांनी विचारलं, "ह्या तुमच्या कोण?"

"बहीण."

"सख्खी?"

"व्हय."

"संबंध कसे आहेत?"

तू म्हणालास, "बोलत नाय आमी."

मी खुर्चीत खाली सरकले. म्हटलं झालं, फसलं आपलं. साहेबांनी चष्मा काढला. "किती दिवस?"

"सात वर्सं झाली."

"बोलत नाही, मग किडनी का देताय?"

तू त्यांच्याकडं असं बघितलंस, जणू त्यांना मेंढी आणि शेळीतला फरक कळत नाही. "बोलत नसलं म्हणून बहीण नाय का? त्ये येगळं, ह्ये येगळं."

मग कोपऱ्यातल्या बाई हसायला लागल्या आणि त्यांनी सहीसाठी कागद पुढं ओढला. बाहेर आल्यावर मी तुझ्याकडं बघितलं, तर तू भामाला म्हणालास, "तिला इचार, काय खाल्लंय का." भामा माझ्यापासून हातभर अंतरावर उभी. मी म्हटलं, "त्याला सांग, खाल्लंय."

आक्का

दवाखाना, दुसरा मजला
२८ सप्टेंबर २०२४

अजिनाथा,

तू खालच्या मजल्यावर आहेस, मी वरच्या. मला काचेच्या खोलीत ठेवलंय, कुणाला आत येऊ देत नाहीत. नर्स चांगली आहे, म्हणाली चिठ्ठी मी नेऊन देते. पडल्या पडल्या लिहिते म्हणून अक्षर असं.

किडनी चालू झाली रे. टेबलावरच चालू झाली म्हणे. पांढरट होती, रक्त सोडलं तशी गुलाबी झाली आणि लगेच लघवी आली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्या कशाला टाळ्या वाजल्या नाहीत, आणि वाजल्या त्या ह्याला. दाजी काचेपलीकडून रोज लघवीच्या पिशवीकडं बघतात आणि अंगठा दाखवतात. वर्षभर मला पाणी मोजून मिळत होतं. आता नर्स मागं लागते, प्या, प्या. काल पहिल्यांदा घटाघटा एक तांब्या पाणी प्यायले. अजिनाथा, पाण्याला चव असते हे मी विसरले होते.

तुला लई दुखतंय असं कळलं. देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त दुखतं म्हणतात. खोकताना उशी पोटाशी धर. आडदांडपणानं उठू नको.

नर्सला मी विचारलं, काही म्हणाला का तो? ती म्हणाली, "म्हणाले, तिला पाणी पी म्हणावं."

तिच्याकडून निरोप आला तरी ते माझ्यासाठीच होतं, हे मी धरून चालले. पिते.

आक्का

छत्रपती संभाजीनगर
२२ ऑक्टोबर २०२४

अजिनाथा,

तुला सृष्टीनं फोनवर सगळं सांगितलं, हे मला माहीत आहे. तिला ब्लॉकमधून काढलंस, फार उपकार झाले. पण माझ्या तोंडून ऐक.

घरी आले आणि सगळं छान चाललं होतं. वेगळी खोली, वेगळं ताट, तोंडाला मास्क, तीन महिने पाहुणे बंद. दाजींना तर एवढी शांतता आवडायला लागली. मग रक्ताच्या तपासणीत किडनीचा आकडा वाढला. परत तपासला, आणखी वाढला. किडनीतला बारीक तुकडा सुईनं काढून बघितला. डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या तेव्हाच मी ओळखलं. एरवी त्या बसत नाहीत.

म्हणाल्या, "अंगानं किडनी ओळखली. परकी आहे म्हणून कुरकुर सुरू केलीय. सुरुवात आहे, वेळेत सापडलं."

त्या दिवशी मी हसले नाही, खरं सांगते. भिंतीकडं तोंड करून पडले. माझं गेलं तर गेलं, पण तुझ्या पोटावरचा तो व्रण वाया जाणार, भामाला मी काय तोंड दाखवू? दाजींनी डबा उघडला, मी जेवले नाही. मग सृष्टीनं मोबाइल स्पीकरवर लावला. तिनं तुला सांगितलेलं नव्हतं की मी ऐकतेय. ती म्हणाली, मामा, असं असं झालंय. तू तिला आकडा दोनदा विचारलास. मग म्हणालास, "तिला म्हनावं, आवडली नसंल तर परत दे."

सृष्टी हसली, दाजी हसले, आणि मी रडता रडता अशी हसले की टाके दुखले. आणि मग डब्यातली भाजी खाल्ली.

तीन दिवस सलाईनमधून जोराचं औषध दिलं. आणि का झालं तेही सापडलं. नकार थांबवायची जी गोळी मी घेते, ती माझ्या अंगात टिकतच नव्हती. काही माणसांच्या अंगात जन्मापासूनच असा गुण असतो की ही गोळी लवकर जिरून जाते. रक्तात उरायला पाहिजे तेवढी उरत नाही. घड्याळ लावून गोळ्या घेत होते, तरी निम्मं औषध मी पचवून बसले होते. दाजी म्हणाले, लग्नात हिला जिलेबीच्या पंगतीत बघितलं तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. आता डोस वाढवलाय. आकडा उतरलाय. आज डॉक्टरीणबाई उभ्या उभ्याच बोलून गेल्या, म्हणजे ठीक आहे.

किडनी परत मिळणार नाही. आवडलीय.

आक्का

छत्रपती संभाजीनगर
१७ मार्च २०२५

अजिनाथा,

काल तुझ्याकडून आले आणि आज लगेच लिहायला बसले, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हो म्हटलं तेव्हा मी पहिलं नाव गंगापूरचं घेतलं. दाजी म्हणाले, बरोबर येतो. मी म्हटलं, नको, दोघांशी अबोला धरायला त्याला जड जाईल, एकीशीच धरू दे. तू घरी होतास. भामानं ओवाळलं. तू ओट्यावर बसून भामाला म्हणालास, "तिला इचार, च्या घेती का." मी मनात म्हटलं, घरात घेतलंय, किडनी दिलीय, अजून तिला विचार? पण बोलले नाही. म्हटलं, भामा, त्याला सांग, कमी साखरेचा घेते.

मग तू मेंढरांच्या वाड्याकडं गेलास आणि मला ते कोकरू दिसलं. दोन दिवसांचं, पाय लटपटणारं. मी उचलून मांडीवर घेतलं. तेवढ्यात तुझा आवाज आला. सरळ मला. भामाला नाही.

"ये! खाली ठेव त्ये! मास्क कुठाय तुझा? मेंढरात बसू नको म्हनलं नाय का डॉक्टरनी?"

मी म्हटलं, "जरा घेतलं तर काय होतं?"

"काय होतं म्हंजे? माझी किडनी हाय ती!"

"दिलीस तेव्हा माझी झाली!"

"तुझं कायम असंच! कुनाला इचारायचं नाय, आपल्या मनानं करायचं. आईच्या येळीबी इचारलं नाय!"

कोकरू माझ्या हातातून उतरून पळालं. भामा चुलीपुढं थांबली. मी पण ओरडले. "कुणाला विचारू? डोंगराला? दुपारपर्यंत फोन लावत होते. गावचे लोक थांबले होते. ऊन केवढं होतं तुला ठाऊक आहे का?"

"एक दिस थांबायचं व्हतं."

"मी थांबले असते रे. तिला ठेवता आलं नसतं."

तू खाली बसलास. मला वाटलं आता उठून जाशील, परत सात वर्षं. पण तू जमिनीकडं बघत विचारलंस, आणि एवढ्या हळू की मला वाकावं लागलं, "माझं नाव घेतलं व्हतं का तिनं?"

अजिनाथा, हे तू कधी विचारलंच नव्हतंस. दहाव्याला विचारलं असतंस तर दहाव्याला सांगितलं असतं. आईनं पहाटे डोळे उघडले आणि म्हणाली, "त्या गाढवाला सांग, पावसाच्या आत मेंढरं घरी आन. भिजली तर खोकतील." हे तिचं शेवटचं. माझं नाव घेतलं नाही, दाजींचं नाही. मी उशाशी बसलेले होते आणि ती तुझ्या मेंढरांची काळजी करत गेली.

तू हसायला लागलास आणि ते हसणं मध्येच मोडलं. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला तर तू म्हणालास, "हात धुतला का? कोकराचा हाय." भामा म्हणाली, आता दोघं बी जेवा. आपण जेवलो. ती ज्वारीची भाकरी आणि हरभऱ्याची भाजी मी दोनदा मागून घेतली, आणि तू पाण्याचा तांब्या तीनदा माझ्यापुढं सरकवलास. न बोलता नाही, ओरडून.

संध्याकाळी तू मला स्टँडवर घालवायला आलास. गाडी सुटायला वेळ होता तर खिडकीखाली उभं राहून बोलतच राहिलास. गोळी घेतली का. खिडकी लाव, धूळ येती. दाजीला म्हनावं पुढच्या खेपेला ये, त्याच्याशी मला बोलायचंय. मास्क वर घे, नाकावर. नाकावर म्हनलं ना! सगळी गाडी ऐकत होती. गाडी हलली तरी तू बाजूनं चालत ओरडत होतास, मला शेवटचं ऐकूसुद्धा आलं नाही. काय होतं ते लिहून कळव.

शेजारच्या सीटवर पैठणची एक म्हातारी होती. तिनं कान चोळला आणि मला म्हणाली, "भाऊ का गं?"

म्हटलं, "व्हय."

"लई मोठ्यानं बोलतो बया."

मी म्हटलं, "सात-आठ वर्षं गप होता, मावशी. जरा मोठ्यानंच बोलणार."

तुझी आक्का
राजाबाई